भर रस्त्यातली रेषा : व्हॅन गॉगची हेगमधील रेखाटने

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटले की आपल्यासमोर पिवळा रंग उभा राहतो. सूर्यफुले, आर्लचे ऊन, गव्हाची शेते आणि त्या उन्हात होरपळून गेलेला एक एकाकी माणूस, हीच त्याची सर्वपरिचित प्रतिमा आहे. आयर्विंग स्टोनच्या १९३४ सालच्या कादंबरीने ती जगभर नेली, १९५६ सालच्या चित्रपटाने ती पक्की केली आणि माधुरी पुरंदरे यांच्यामुळे ती कादंबरी मराठी वाचकांच्याही घरी पोचली. ही प्रतिमा खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या उन्हापूर्वी व्हिन्सेंटच्या आयुष्यात धूर, चिखल आणि पावसाळी आभाळ यांचा एक कालखंड येऊन गेला. १८८१ च्या डिसेंबरअखेरीपासून १८८३ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे वीस महिने, तो हॉलंडमधील हेग या शहरात राहिला. आला तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. या काळातील त्याचे बहुतेक महत्त्वाचे काम पेन्सिल, टाक, शाई आणि काळा खडू यांनी केलेले आहे. त्यातला मोठा भाग रस्त्यावर, बाजारात आणि कारखान्यांच्या कुंपणाशी उभे राहून पाहिलेल्या दृश्यांचा आहे.

या रेखाटनांकडे ‘पुढे मोठ्या झालेल्या चित्रकाराचे विद्यार्थीदशेतील काम’ एवढ्याच दृष्टीने पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. गजबजलेल्या, कळकट वस्तीत चित्रकार कागद घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्यात आणि तेथल्या माणसांत कोणते नाते निर्माण होते? ते नाते रेषेत उतरते का? उतरत असेल तर कोठे उतरते आणि कोठे हुकते? हेगमधील रेखाटने हे प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणतात. त्यांची उत्तरेही ती प्रामाणिकपणे देतात, कारण व्हिन्सेंटला अजून आपल्या उणिवा झाकण्याचे कसब साधलेले नव्हते.

हेग हे शहर त्याला अपरिचित नव्हते. १८६९ ते १८७३ या काळात गूपिल या प्रतिष्ठित कलाव्यापारी पेढीच्या तेथील शाखेत त्याने नोकरी केली होती. त्या वेळचे त्याचे हेग म्हणजे स्वच्छ काचांच्या दुकानांचे, सभ्य गिऱ्हाइकांचे शहर होते. त्यानंतरच्या नऊ वर्षांत त्याच्या आयुष्यात पुष्कळ उलथापालथ झाली. प्रॉटेस्टंट पाळकाचा हा मुलगा बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या प्रदेशात सुवार्तिक म्हणून गेला. खाणकामगारांइतकेच दीनवाणे जगू लागला. १८७९ साली धर्ममंडळाने त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही आणि १८८० मध्ये त्याने चित्रकार होण्याचे ठरवले. १८८१ च्या नाताळात वडिलांशी कडाक्याचे भांडण करून तो घराबाहेर पडला तो हेगला आला. या खेपेस त्याने बिऱ्हाड केले ते शेंकवेख या रस्त्यावर, शहराच्या कडेला, रेल्वे स्थानकाच्या पाठीमागे. खिडकीतून सुताराची वखार, परटांचे धुणे वाळत घातलेले आवार आणि त्यापलीकडे कुरणे दिसत.

त्या काळचे हेग हे चित्रकारांचेही शहर होते. अँटन मॉव्ह, योझेफ इस्राएल्स, हेंड्रिक मेसडाख अशी मातब्बर मंडळी तेथे होती. ओलसर हवा, कोळ्यांच्या नावा, मेंढरांचे कळप, राखाडी आभाळ हे त्यांचे विषय. १८८१ सालीच मेसडाखने शेवेनिंगनच्या किनाऱ्याचे एक प्रचंड वर्तुळाकार दृश्य पूर्ण केले होते. त्याचा घेर १२० मीटरच्या आसपास आहे आणि आजही ते हेगमध्ये पाहायला मिळते. त्यात समुद्र, वाळू, गाव, आभाळ सारे काही आहे. पाहणारा मधल्या उंचवट्यावर उभा राहतो आणि त्याच्या अंगाला कशाचाही स्पर्श होत नाही. व्हिन्सेंटला मॉव्हने जलरंगांचे पहिले धडे दिले. मॉव्ह त्याचा आतेबहिणीचा किंवा मामेबहिणीचा नवरा, म्हणजे नात्यातलाच माणूस. परंतु गुरुशिष्यांचे हे संबंध काही महिन्यांतच बिघडले. व्हिन्सेंटचे पाय कुरणांपेक्षा गेस्टसारख्या कामकरी वस्तीकडे अधिक ओढले जात होते. अरुंद बोळ, एकमेकींना खेटलेली घरे आणि दारात बसलेली माणसे त्याला तेथे भेटत होती.

या भटकंतीत त्याला एक सोबती मिळाला. योर्ज हेंड्रिक ब्राइटनर हा त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान चित्रकार. झोलाच्या कादंबऱ्यांनी भारावलेला हा तरुण १८८२ मध्ये स्वतःला ‘जनतेचा चित्रकार’ म्हणवून घेत होता. दोघे मिळून रस्त्यांवर, स्थानकांत रेखाटने करायला जात. एकदा मध्यरात्रीच्या सुमारास ब्राइटनरबरोबर फिरताना व्हिन्सेंटने पॅडमूस या जुन्या ज्यू वस्तीतील रस्त्याचे एक लहानसे रेखाटन केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर टाक फिरवला. मार्च १८८२ मध्ये त्याचे काका, ॲम्स्टरडॅमचे कलाव्यापारी कॉर्नेलिस, त्याच्या खोलीवर आले. आल्याआल्याच त्यांनी पुतण्याला पोट भरण्याविषयी चार शब्द सुनावले. व्हिन्सेंटने त्यावर विचारले की पोट भरण्याइतके कमावणे म्हणायचे आहे, की भाकरीला पात्र असणे? पात्र नसणे हा दोष. पात्र असूनही न मिळणे हे दुर्दैव. वाद वाढण्याच्या बेतात होता, तेवढ्यात कागद चाळता चाळता काकांच्या हाती पॅडमूसचे ते रेखाटन लागले. शहराची अशी आणखी दृश्ये करशील का, असे त्यांनी विचारले. दर रेखाटनास अडीच गिल्डर या दराने बारा रेखाटने ठरली. चित्रकार म्हणून व्हिन्सेंटला मिळालेले हे पहिलेच रीतसर काम, आणि ते त्याच्या गल्लीबोळांतील भटकंतीतून आलेले होते.

ही बारा आणि त्यानंतरची सात रेखाटने पाहताना प्रथम जाणवतो तो त्यातील विषयांचा बिनदिखाऊपणा. राजवाडा, संसदभवन, सुंदर तलाव यांच्यासाठी हेग प्रसिद्ध होते. काकांच्या गिऱ्हाइकांना तेच आवडले असते. व्हिन्सेंटने मात्र गॅसचा कारखाना काढला, गेस्टमधील एका बेकरीचा दर्शनी भाग काढला, रोपवाटिकेतील उघडेबोडके वाफे काढले. दुसरी गोष्ट त्याच्या टाकाच्या घट्टपणाची. कौल, वीट, फळी, चिखल या प्रत्येकासाठी त्याने वेगळी रेघ शोधली आहे. भिंतीवरील ओल आडव्या, तुटक रेघांनी येते. फळ्यांचे कुंपण उभ्या, जाड फटकाऱ्यांनी येते. या घरांत माणसे राहून ती झिजली आहेत, याचा प्रत्यय त्यातून मिळतो.

माणसांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. या आरंभीच्या दृश्यांतील आकृत्या बऱ्याच वेळा नंतर आणून उभ्या केल्यासारख्या वाटतात. घरे जमिनीत रुतलेली आहेत, पण माणसे जमिनीवर नुसती टेकलेली आहेत. याचे ठळक उदाहरण म्हणजे एप्रिल १८८२ मधील, आज बर्लिनच्या संग्रहात असलेले, खोदलेल्या रस्त्याचे चित्र. रस्ता उखडलेला आहे, मजूर खड्ड्यात उतरले आहेत, बाजूने येणारेजाणारे चालले आहेत. कल्पना मोठी धाडसी आहे. शहर म्हणजे सतत चाललेली खोदाई हे सत्य मुंबईकर वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही! परंतु चित्र जुळून येत नाही. प्रत्येक मजूर वेगळ्या अभ्यासातून उचलून येथे आणल्यासारखा आहे. त्यांच्या उंचीची परस्परांशी नीट संगती लागत नाही. जो तो आपापल्या कामात एकटा आहे. गर्दी आहे, पण तिच्यात धक्काबुक्की नाही. फावड्याचा आवाज ऐकू यावा अशी अपेक्षा ठेवून आपण पाहतो आणि चित्र मुके राहते.

याच्या अगदी उलट टोकाला सुताराच्या वखारीचे रेखाटन आहे. मे १८८२ मधील हे चित्र आज ऑटरलो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. मागच्या खिडकीतून दिसणारा हा देखावा. खाली परटांचे आवार, वाळत घातलेले कपडे, पलीकडे वखारीतील लाकडाच्या थप्प्या, कामात गुंतलेली माणसे आणि दूरवर शहराची कड. यथार्थदर्शनावर त्याची हुकमत आल्याचे येथे दिसते. ही हुकमत मिळवण्यासाठी तो एक साधन वापरी. लाकडी चौकटीत उभे, आडवे आणि तिरके दोरे ताणून त्यातून समोरचे दृश्य पाहायचे व त्या दोऱ्यांच्या आधाराने कागदावर मापे आणायची, अशी ती जुनी युक्ती. ड्युररच्या काळापासून चित्रकारांना ती ठाऊक होती. १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने ही चौकट लोहार व सुताराकडून नव्याने करवून घेतली. तिला दोन उंच पाय होते आणि पायांना लोखंडी टोके होती, म्हणजे खडबडीत जमिनीतही ती रोवता यावी. पहाटे चार वाजता पोटमाळ्याच्या खिडकीत चौकट लावून तो बसे. कॉफीसाठी पेटवलेल्या चुलींचा पहिला धूर, वखारीत रेंगाळत येणारा पहिला कामगार आणि काळ्या धुराड्यांमधून उडणारी पांढरी कबुतरे यांचे वर्णन त्याने भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात केले आहे.

खिडकीतील चित्र निर्दोष आहे. तरीही त्यातील माणसे मुंग्यांएवढी आहेत आणि चित्रकार त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर आहे. त्या पहाटेच्या कामगाराला आपल्याकडे कोणी पाहत आहे याची कल्पनाही नाही. व्हिन्सेंटला या अंतराचे समाधान नव्हते, असे त्याच्या पुढील कामावरून म्हणता येते. सप्टेंबर १८८२ मध्ये तो बटाट्यांच्या बाजारात जाऊ लागला. कालव्यात माल घेऊन आलेल्या होड्या, काठावर टोपल्या आणि गाड्या, आणि गेस्टसारख्या वस्त्यांतून चहूबाजूंनी लोटलेले गिऱ्हाईक. अशा ठिकाणी दोऱ्यांची चौकट रोवून बसणे अवघड. तेथे हातातील कागद, पेन्सिल आणि धक्के सोसण्याची तयारी एवढेच भांडवल उरते.

धक्के खरोखरीच बसत होते. लोक भोवती जमत, कागदावर वाकून पाहत, हसत. त्या दिवसांत एकदा रस्त्यावर काम करताना एकाने खिडकीतून तंबाखूची पिंक थेट त्याच्या कागदावर टाकली. व्हिन्सेंटने ही हकीकत थिओला लिहिली, पण तिच्यात तक्रारीचा सूर नाही. ही माणसे दुष्ट नाहीत, असे त्याचे म्हणणे. आपण मोठमोठे फराटे ओढताना त्यांना दिसतो, त्यातून त्यांना काही उमगत नाही, म्हणून ती आपल्याला वेडा समजत असतील. हा प्रसंग गमतीदार म्हणून सोडून देण्याजोगा नाही. व्हिन्सेंट ज्यांना पाहत होता, ते त्यालाही पाहत होते आणि आपले मतही देत होते! खिडकीतील चित्रकाराला ही परतफेड कधी मिळत नाही. बाजारातील रेखाटनांत माणसांच्या पाठी, खांदे, वाकलेले कंबरडे हे सारे पुढे सरकले आहे. क्षितिज वर गेले आहे, मोकळी जागा आक्रसली आहे. चित्रकार गर्दीच्या आत आहे, हे कोणी न सांगताही कळते. मापे चुकली आहेत. तरीही आकृत्या एकमेकींना लागून आहेत, एकमेकींच्या आड येत आहेत. खोदलेल्या रस्त्याच्या चित्रात जे साधले नव्हते, ते येथे साधू लागले आहे.

त्याच्या पोशाखाबद्दलची चर्चाही या संदर्भात महत्त्वाची आहे. व्हिन्सेंटचे कपडे आणि वागणे यांविषयी हेगच्या प्रतिष्ठित मंडळींत नाराजी होती. त्यावर त्याने भावाला दिलेले स्पष्टीकरण व्यवहाराचे आहे. उंची कोट घालून गेस्टमध्ये गेलो, तर तेथील माणसे बिचकतील, संशय घेतील किंवा समोर बसण्याचे जास्त पैसे मागतील. जुन्या कोटात आपण त्यांच्यातले होतो आणि काम होते. बोरिनाजमध्ये त्याने अंगावरचे चांगले कपडे टाकले ते सुवार्तेसाठी. हेगमध्ये जुना कोट अंगावर राहिला तो चित्रासाठी. बाहेरून हा बदल लहान दिसतो. परंतु आधी ज्यांना उपदेश करायचा होता, त्यांच्यापासून आता त्याला शिकायचे होते. ते कसे उभे राहतात, ओझे कसे उचलतात, वाट कशी पाहतात, हे शिकायचे होते.

या शिकवणीचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे ‘सरकारी सोडतीचे कार्यालय’ हे जलरंगातील चित्र. ते आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. १ ऑक्टोबर १८८२ च्या पत्रात त्याने त्याची हकीकत दिली आहे. स्पाउस्त्राट या रस्त्याच्या तोंडाशी मूरमन याचे सोडतीच्या तिकिटांचे कार्यालय होते. पावसाळी सकाळी तेथे माणसांचा घोळका तिकिटांसाठी ताटकळत होता. बहुतेक म्हाताऱ्या बायका, आणि काय करून जगतात ते सांगता येऊ नये अशी माणसे. प्रथमदर्शनी त्याला हे हास्यास्पद वाटले. सोडतीवर आशा लावून बसणाऱ्यांची आपल्याला गंमत वाटते, कारण आपला सोडतीवर विश्वास नसतो. पण तो तेथेच थांबला आणि विचार करता करता त्या घोळक्याचा अर्थ त्याच्यासाठी पालटला. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेले, खरे तर जेवणावर खर्च व्हायला हवे होते असे पैसे या माणसांनी तिकिटावर लावले आहेत, आणि हीच त्यांची सुटकेची धडपड आहे, हे त्याला दिसले. म्हणून त्याने चित्राला आणखी एक नाव दिले : ‘गरीब आणि पैसा’.

चित्र पाहताना हा पालट आपल्यालाही जाणवतो. माणसे एका काळसर पुंजक्यात उभी आहेत. पुष्कळशी पाठमोरी आहेत. चेहरे जे दिसतात ते ओझरते. व्यंगचित्रकाराने येथे नाके, दात, डोळ्यांतील हाव दाखवली असती आणि आपण हसून पुढे गेलो असतो. व्हिन्सेंटने पाठी दाखवल्या. पाठ खोटे बोलू शकत नाही आणि पाठीला हसताही येत नाही. ओल्या शाली, पडलेले खांदे, दारावरील सूचनेकडे लागलेल्या माना यांतून ताटकळणे उभे राहते. विशेष म्हणजे आपण, पाहणारे, त्या घोळक्याच्या अगदी मागे उभे आहोत. आणखी दोन पावले टाकली तर आपणही रांगेत! येथे रंग मळकट आहेत, रेखन काही ठिकाणी जड आहे, पण एकाही आकृतीला चित्रातून वेगळे काढता येणार नाही. सहा महिन्यांपूर्वीचे सुटे मजूर आता एक समुदाय झाले आहेत. माझ्या मते हेगमधील कामात हे चित्र सर्वांत वरचे आहे. त्याचे श्रेय कौशल्याइतकेच थांबण्यालाही आहे. पहिल्या हसण्यापाशीच तो निघाला असता, तर एक चटकदार रेखाटन तेवढे हाती लागले असते.

रस्त्याचा हा गुण त्याच्या खोलीत केलेल्या कामाशी ताडून पाहता येतो. मार्च १८८३ मध्ये त्याने सार्वजनिक अन्नछत्रातील सूपवाटपाचे चित्र काढले. अन्नछत्रातील उजेड हवा म्हणून त्याने आपल्या खोलीच्या खिडक्यांना झडपा बसवून प्रकाश हवा तसा वळवला आणि घरच्या माणसांना उभे केले. काळ्या खडूचा वापर भरदार आहे. मुलांना धरून उभ्या असलेल्या बायकांची घडण लोटरीच्या चित्राहून कितीतरी सरस आहे. तरीही त्या बायका कोणाची वाट पाहत नाहीत. सूप मिळेल की संपेल, ही धाकधूक चित्रात नाही, कारण ती खोलीतही नव्हती. घरात आणलेल्या गरिबीत उजेड हवा तसा पाडता येतो, पण अनिश्चितता आणता येत नाही, हा या दोन चित्रांतील फरक आहे.

येथे ब्राइटनरकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे. पुढे तो ॲम्स्टरडॅमला गेला आणि त्या शहराच्या रस्त्यांचा मोठा चित्रकार ठरला. १८९० च्या सुमारास त्याने हातात कॅमेरा घेतला. मोलकरणी, हातगाडीवाले, घोडे, पायाभरणीची कामे यांची त्याने घेतलेली छायाचित्रे आज अनमोल मानली जातात. क्षण टिपण्यात तो व्हिन्सेंटपेक्षा कितीतरी चपळ होता. परंतु कॅमेरा क्षणार्धात काम उरकतो आणि धरणारा पुढे जातो. रेखाटन करणाऱ्याला तसे करता येत नाही. अर्धा तास, तास तो तेथे अडकून पडतो. थंडी वाजते, पोरे सतावतात, कोणी थुंकते. या अडकून पडण्यातच हळूहळू समोरच्याचे कष्ट त्याच्या ध्यानात येऊ लागतात. ब्राइटनरची महत्ता याने कमी होत नाही. दोघांच्या कलेचा वेग भिन्न आहे आणि म्हणून सत्यही भिन्न आहे.

इतके म्हटल्यावर एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. गरिबांची चित्रे काढल्याने गरिबांचे काय होते? काकांनी दुसऱ्या खेपेच्या सात रेखाटनांसाठी वीस गिल्डर पाठवले आणि असल्या कामाला बाजारात काही किंमत आहे असे तुला वाटते का, अशा अर्थाची नाराजीही कळवली. म्हणजे या कलेने चित्रकाराचेही पोट भरले नाही; तो थिओच्या पैशांवर जगत होता. रस्त्यावरच्या माणसांपैकी एक व्यक्ती मात्र त्याच्या घरातच आली होती. क्लासिना होर्निक, म्हणजे सीन, ही परित्यक्त, गरोदर आणि पोटासाठी देहविक्रय कराव्या लागलेली स्त्री आपल्या मुलीसह त्याच्याकडे राहू लागली. जुलै १८८२ मध्ये तिला मुलगा झाला. तिच्याशी लग्न करण्याचा त्याचा विचार होता. घरचे, मित्र, गुरू सारे त्यामुळे दुरावले. ती त्याच्या अनेक रेखाटनांत आहे. पण सप्टेंबर १८८३ मध्ये तो तिला आणि मुलांना सोडून द्रेंथ प्रांतात निघून गेला. १९०४ साली सीनने पाण्यात जीव दिला. या घटनेचे सारे ओझे व्हिन्सेंटच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पैसा, कुटुंबाचा दबाव, दोघांचे स्वभाव अशी अनेक कारणे होती. तथापि ज्याची रेषा इतकी करुणामय होती, त्याच्याही करुणेला मर्यादा होती, हे समीक्षकाने लपवू नये. चांगले चित्र चित्रकाराला पापमुक्त करीत नाही. आणि चित्रकाराच्या चुकीने चित्रातील सत्य खोटेही ठरत नाही.

या प्रश्नाचे आणखी एक, लहान पण खरे उत्तर मात्र हेगमध्येच मिळते. व्हिन्सेंटला इंग्रजी ‘ग्राफिक’ साप्ताहिकातील लाकूडठशांच्या चित्रांची ओढ होती. ल्यूक फिल्ड्ससारख्या चित्रकारांनी लंडनच्या बेघरांना त्यात स्थान दिले होते. जानेवारी १८८३ मध्ये व्हिन्सेंटने त्या साप्ताहिकाच्या १८७० ते १८८० या वर्षांचे एकवीस खंड विकत घेतले. त्याआधी, नोव्हेंबर १८८२ मध्ये, त्याने स्वतः शिळाछापाचे प्रयोग सुरू केले. सामान्य माणसांसाठी सामान्य माणसांचीच तीस चित्रे छापावीत आणि एका चित्राची किंमत दहा, फार तर पंधरा सेंट असावी, असा त्याचा बेत होता. हा बेत कधीच तडीस गेला नाही. परंतु स्मुल्डर्स यांच्या छापखान्यात धर्मादाय वृद्धाश्रमातील एका म्हाताऱ्याचे चित्र दगडावर चढले, तेव्हा तेथील कामगारांनी त्याची एक प्रत भिंतीवर लावण्यासाठी मागितली. हे कळल्यावर व्हिन्सेंटला झालेला आनंद त्याच्या पत्रात स्पष्ट दिसतो. आपल्या कामाचे याहून चांगले फळ कोणते, अशीच त्याची भावना होती.

त्या कामगारांना यथार्थदर्शनाचे नियम ठाऊक नव्हते आणि हा चित्रकार पुढे कोण होणार हेही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी चित्रात आपल्यापैकीच एक माणूस ओळखला. बाजारात कागदावर पडलेली पिंक आणि छापखान्यातील ही मागणी यांच्यामध्ये फार तर दोन महिन्यांचे अंतर आहे. रस्त्यावर ‘वेडा’ ठरलेला मनुष्य तेवढ्यात त्या वस्तीच्या भिंतीवर जागा मिळवण्याइतका जवळ आला होता. सूर्यफुलांसाठी पुढे जगाने कोट्यवधी मोजले, त्या किमतीशी या मागणीची तुलना करण्याचे कारण नाही. पण रस्त्यावर बसून काढलेल्या चित्राची परीक्षा कोणी करावी, असा प्रश्न असेल, तर पहिला मान त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचा आहे.

आज ही रेखाटने ॲम्स्टरडॅम, ऑटरलो, बर्लिन येथील शांत, मंद प्रकाशाच्या दालनांत आहेत. प्रकाशाने कागद पिवळा पडू नये म्हणून ती पुष्कळदा पेटीतच असतात आणि सूर्यफुलांपुढे लोटणारी गर्दी त्यांच्यापुढे नसते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला त्यांचे दर्शन छापील पुस्तकांतूनच येणार. कोणाच्या घरी व्हॅन गॉगच्या चित्रांचे पुस्तक असेल तर त्याची सुरुवातीची, काळी-करडी पाने घाईने उलटू नयेत. सोडतीच्या कार्यालयाचे चित्र समोर ठेवून घरातल्या मुलांना विचारावे, ही माणसे कशासाठी उभी आहेत? मुले प्रथम हसतील. व्हिन्सेंटही प्रथम हसलाच होता. थोडा वेळ ते पान उघडेच ठेवावे.